जेसीबीचा केक

शिक्रापूर,
रविवार, दुपार

प्रिय वैष्णवी,

पाकिटावर मी माझं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न उघडताच चुलीत टाकलं असतंस आणि त्यात तुझं काही चुकलं नसतं. पण आता उघडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. माझा नंबर तू सहा वर्षांपूर्वी ब्लॉक केलास, तेव्हापासून माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचायला दुसरी वाट नाही. आणि खरं सांगू का, फोनवर हे मी बोललेही नसते. फोनवर माझी जीभ कशी सोयीनं वळते ते मला चांगलं ठाऊक आहे. राजनंदिनीच्या गणिताच्या वहीतली पानं फाडून लिहितेय, चौकटींची आहेत म्हणून ओळी सरळ दिसतायत. नाहीतर माझं अक्षर तुला माहीतच आहे.

लग्न होऊन मी वस्तीवर आले तेव्हा तू नववीत होतीस. आमचे आबा आणि तुझे आप्पा, दोघा सख्ख्या भावांची घरं एकाच अंगणात, मधे फक्त तुळस आणि आप्पांची मोटारसायकल. माझी पहिली दिवाळी आठवते? मला करंजीला मुरड घालता येत नव्हती आणि सासूबाई ओसरीवर बसून होत्या. तू मागच्या दारानं आलीस, ताटातल्या पन्नासेक करंज्या भराभर मुरडल्यास आणि आल्या वाटेनं निघून गेलीस. सासूबाईंनी सगळ्या भावकीत माझ्या हाताचं कौतुक केलं, मी ते गपचूप घेतलं आणि तू कधी कुणाला बोलली नाहीस. तेव्हा वाटलं होतं, ही पोरगी आपली. आज लिहिताना लक्षात येतंय की दुसऱ्याच्या जिवावर शाबासकी घ्यायची खोड मला तेव्हापासूनचीच आहे.

मग सोसायटीची निवडणूक आली. आबा एका पॅनलमध्ये, आप्पा दुसऱ्यात. आप्पा तीन मतांनी पडले आणि आमच्या घरात मतं होती तीनच. पुढच्या आठवड्यात अंगणात पत्रे उभे राहिले. हनुमंताच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं आबा चारचौघांत बोलून बसले, आणि बोललेला शब्द गिळायची आपल्या घराण्यात रीत नाही. सासूबाई गेल्यावर सत्यजीतनं आणि मी आबांना इकडे शिक्रापूरला आणलं. भाऊ भावाचं नाव काढत नव्हता, पण आपण दोघी बोलत राहिलो. तुझ्या कॉलेजचं, काकूंच्या गुडघ्याचं, आप्पांच्या धापेचं, सगळं मला कळत होतं. दोन घरांमधला तेवढाच एक धागा शिल्लक होता आणि तो माझ्या हातात होता. म्हणून तर त्या दिवशी तू मला फोन केलास.

त्या वर्षीचा मे महिना तुला सांगायला नको. आमच्या चौकात एरवी रस्ता ओलांडायचा तर ट्रकच्या रांगेपुढं दहा मिनिटं उभं राहावं लागतं, तिथं कुत्री मधोमध झोपायची. सत्यजीतची सणसवाडीची कंपनी नुकती एका पाळीवर सुरू झाली होती, पण फोन गेटवर जमा करून आत जायचं. घरात मी, आबा आणि राजनंदिनी. करायला काही नाही आणि तोंड मात्र सारखं चालू. बिल्डिंगमधल्या बायकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता, त्यावर रोज कुणाचा तरी केक यायचा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, बिस्किटांचा चुरा दुधात कालवून डबा आत ठेवायचा, झाला केक. तिसऱ्या मजल्यावरच्या मोनिकानं कलिंगडाच्या फोडीसारखा केला, अगदी बियांसकट, आणि चार दिवस सगळ्या तिचंच गुणगान गात होत्या. मीही ‘वा वा’ लिहिलं. आतून जळत होते. हसू नकोस. माणूस घरात कोंडला की एवढ्याशा गोष्टींची केवढाली भुतं होतात.

राजनंदिनीला सहावं लागणार होतं आणि तिला केक हवा होता जेसीबीचा. बाहुली नको, फुलपाखरू नको, जेसीबी. आमच्या खिडकीसमोर रस्त्याचं काम अर्धवट बंद पडलं होतं आणि तो पिवळा जेसीबी तिथंच उभा होता, ती रोज सकाळी त्याला टाटा करायची. मी म्हटलं, करूच. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सातलाच कामाला लागले. एक मोठा केक धडासाठी, एक छोटा केबिनसाठी. रंगासाठी आमरस आटवला, त्यात पिठीसाखर आणि साय घोटली, असा पिवळा उतरला की बस. चाकांना क्रीमची बिस्किटं. आबा आधी ‘काय पोरखेळ लावलाय’ म्हणाले, मग चष्मा लावून जवळ आले आणि तासाभरात मुख्य मिस्त्री तेच झाले. जेसीबीचा हात सरळ नसतो, कोपरात वाकतो, हे त्यांनी मला समजावलं. दातकोरणीच्या काड्यांत शंकरपाळे ओवून त्यांनी तो हात केला. शेंगदाण्याची चिक्की तव्यावर जराशी गरम करून बोटांनी वाकवली, तिचं फावडं झालं. उरलेला चुरा म्हणजे मुरूम. राजनंदिनी त्यांच्या मांडीवर बसून मुरूम खाऊन संपवत होती आणि आबा तिला ‘मुकादम’ म्हणत होते. सासूबाई गेल्यापासून आबांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पावणेदहाला तुझा फोन आला. माझे दोन्ही हात आमरसानं बरबटलेले, फोन मी खांद्यानं कानाशी दाबला. तुझा शब्द न् शब्द मला पाठ आहे. तू म्हणालीस, “वहिनी, आप्पा गेले. पहाटंच, झोपेत. आबांस्नी सांगा. बारापर्यंत थांबतो, त्याच्या फुडं ठिवू देत न्हाईत.” आणि मग जरा थांबून, “आबांनी आलं पायजे वहिनी. मागचं काय बी मनात न ठेवता.”

मी म्हणाले, बरं, सांगते.

फोन ठेवून वळले. बाहेरच्या खोलीत आबा बसले होते, हातात चिक्की, मांडीवर पोर. दहा पावलं चालायची होती. वैष्णवी, ती दहा पावलं मी चालले नाही.

रडू आलं होतं, हेही खरं आहे. आप्पांनी मला कधी अगं-तुगं केलं नाही, सुनेला ‘बाई’ म्हणायचे. पण रडता रडता माझं डोकं भलतीकडेच चाललं. सांगितलं की संपलं. आबा उठणार, डोक्यावरून पाणी घेणार, गॅसवरचं उतरणार. दहा दिवस घरात गोडाचं नाव नाही. तीन तास खपून केलेला जेसीबी गाईपुढं जाणार. सासूबाई सांगायच्या, लांबची बातमी कानावर येईल तेव्हापासून सुतक धरायचं. मी त्या वाक्याला लोंबकळले. आबांनी अजून ऐकलेलंच नाही, म्हणजे आबांना सुतक नाही, राजनंदिनीला नाही. अर्धा तास, केक कापून होऊ दे, मग सांगू. आणि मी? मी तर ऐकलं होतं. मला सुतक लागलं होतं आणि त्याच हातांनी मी केकवर आमरस फिरवत होते.

खालच्या मजल्यावरचे भैरूदादा तेव्हा दहा वाजता दुधाची गाडी घेऊन केडगावकडे निघायचे. गाडीला पास होता. खिडकीतून एक हाक मारली असती, तर त्यांनी आबांना पुढं वस्तीपर्यंत सोडलं असतं आणि साडेअकराला आबा आप्पांच्या उशाशी असते. गाडी सुरू झाली तेव्हा मी चौथं चाक बसवत होते. आवाज ऐकला. हात थांबलाही होता थोडा. मग मी स्वतःला म्हटलं, नाहीतरी आबा थोडेच जाणार आहेत, शब्द दिलाय त्यांनी चारचौघांत. त्यांच्या वतीनं मीच ठरवून टाकलं आणि बिस्किट दाबून बसवलं.

आजवर स्वतःला मी सांगत आले की हे मी मुलीसाठी केलं. दोन महिने घरात कोंडलेलं लेकरू, त्याचा एक दिवस गोड व्हावा म्हणून. ऐकायला किती बरं वाटतं. पण राजनंदिनी रडली असती आणि तासाभरात विसरली असती, मुलं तशीच असतात. मला फोटो हवा होता. मोनिकाच्या कलिंगडापेक्षा माझा जेसीबी भारी ठरायला हवा होता. एवढ्यासाठी, वैष्णवी. एका माणसाला त्याच्या पाठच्या भावाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, ते एवढ्यासाठी.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. बाराच्या सुमारास केक कापला. राजनंदिनीनं फावड्यासकट तुकडा आबांच्या तोंडात कोंबला, मिशांना पिवळं लागलं, आबा डोळे मिटून हसले आणि मी फोटो काढला. ग्रुपवर टाकला. बुद्धी अशी फिरली होती की स्टेटसलाही टाकला. वीसेक मिनिटांनी कुणी कुणी पाहिला ते बघायला गेले. मोनिका, माझी बहीण, वस्तीवरच्या रतनबाई, आणि सगळ्यात वर तुझं नाव. लगेच फोटो काढून टाकला, पण पाहिलेलं थोडंच पुसता येतं? तू त्या वेळी काय करत होतीस ते मला नंतर रतनबाईंकडून कळलं. पुरुषमाणसं आप्पांना घेऊन गेली होती. आबा निघाल्याचा काही निरोप आला असेल म्हणून तू अंगणात बसून फोन उघडला होतास.

मग मात्र मी गेले आबांकडे. म्हणाले, आबा, आत्ताच वैष्णवीचा फोन आला होता, आप्पा गेले. ‘आत्ताच’ म्हणाले. आबांनी उपरण्याच्या टोकानं मिशा पुसल्या. न्हाणीत जाऊन गार पाण्यानं अंघोळ केली आणि ओल्या अंगानंच दाराशी उभे राहिले, सत्यजीतची वाट बघत. तो साडेतीनला आला. उन्हातान्हात मोटारसायकलवर, दोन ठिकाणी पोलिसांच्या पाया पडून, पाचला पोचले. तुझ्या भावानं, विक्रमभाऊजींनी, सत्यजीतला फाटकाशीच थांबवलं, आबा एकटे आत गेले आणि थोड्या वेळानं परत आले. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सत्यजीतला वाटलं, उशिरा कळलं, त्याला कुणाचा काय इलाज. मी केलेली भाजी-भाकरी आबांनी बाजूला सारली. दहाव्याला तुम्ही त्यांना बोलावलं नाही. न्हावी मिळत नव्हता, मग गच्चीवर बसून सत्यजीतकडून डोकं करून घेतलं. दहा दिवस चटईवर झोपले. सुतक कसं पाळतात ते मला त्यांनी न बोलता दाखवलं.

तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं विचारशील. पहिल्या आठवड्यात हिंमत नव्हती. मग आठवडा उलटून गेला, हेच सांगायला जड व्हायला लागलं. महिना, वर्ष. तुझा फोन लागेना तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही लिहून टाकते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. राजनंदिनीचा वाढदिवस दरवर्षी येतोच. केक आता बेकरीतून आणतो. आबा त्याला शिवत नाहीत. केकच काय, त्या दिवसापासून त्यांनी पुरणपोळीसुद्धा खाल्लेली नाही. कुणी विचारलं की मी सांगते, डॉक्टरांनी साखर सांगितलीय. आबांना साखर नाही. मला वाटायचं, भावाच्या दुःखानं सोडलं असेल. भावाचं दुःख होतंच. पण आपल्या तोंडात काय होतं आणि कोणत्या वेळी, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते मला आता गुरुवारी कळलं.

गुरुवारी विक्रमभाऊजी तुझ्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. वैष्णवी, फार आनंद झाला गं. पण ते बसले नाहीत, उंबऱ्यातच पत्रिका दिली. मी उघडली, आणि चुलत्यांच्या रांगेत आबांचं नाव नव्हतं. मी न राहवून विचारलं. भाऊजी म्हणाले, घरात तसंच ठरलंय, व्याहीभेटीला मामा उभे राहतील. आणि मग आतल्या खोलीकडे बघत, आबांना ऐकू जाईल असं बोलले, की त्या दिवशी आबांनी दहा माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, “मला सकाळीच कळलं व्हतं. माझाच पाय निघाला न्हाई.” एवढं ऐकल्यावर कोणत्या तोंडानं नाव छापायचं? ते निघून गेले. मी पत्रिका धरून भिंतीशी उभी. म्हणजे काकूंनी त्या दिवशी अंगणात आबांना विचारलं असणार, सकाळी निरोप धाडला होता ना, मग केक खात का बसलात? आणि माझं खोटं आबांना तिथं, भावाच्या दारात, सगळ्यांसमोर कळलं. एका वाक्यात ते मोकळे झाले असते. सुनेनं सांगितलंच नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले, माझाच पाय निघाला नाही. मी आत गेले तर आबांनी चष्मा मागितला, पत्रिका ओळीवर बोट ठेवून वरून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, छपाई चांगली झालीय. मी त्यांच्या पायाशी बसले. माझ्याकडे न बघता तेच बोलले, “आमचं तसंबी बोलणं न्हवतं. तुला जलमभर वागायचं हाय त्यांच्यात.” सत्यजीतला त्याच दिवशी सगळं सांगितलं. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही आणि त्याचं बरोबर आहे. तुझ्या लग्नाला मी येणार नाही असं इथं लिहिणार होते, पण तेही स्वतःला मोठं करणंच झालं. तू म्हणशील तसं करेन. हे पत्र काकूंना दाखव, विक्रमभाऊजींना दाखव, भावकीत वाचून दाखवलंस तरी माझी तक्रार नाही. माफी मागायला लिहिलेलं नाही. व्याहीभेटीला आप्पांच्या जागी आबांनी उभं राहावं, एवढ्यासाठी लिहिलंय. पत्रिका छापून झाल्या असतील, पण बोलावणं काही छापावं लागत नाही. आबांकडे आता स्वतःचा फोन आहे, नंबर खाली लिहिलाय. त्यांना तूच फोन कर. निरोप माझ्याकडे देऊ नकोस.

तुझीच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,
स्नेहल